बोनेटमधला मारोती

ब्रेक दाबला की वायपर हलत होता. हॉर्न दाबला की हॉर्न वाजत नव्हता, पण कॅबिनमधला दिवा मिणमिणत होता. डावा इंडिकेटर दिला की दोन्हीकडचे दिवे पेटल्यासारखं करायचे आणि मग लाजून विझायचे. बाबा स्टीअरिंगवर बसून एकेक बटण दाबत होते आणि मी समोर उभा राहून काय होतंय ते सांगत होतो.

"आता?"

"वायपर."

"आता?"

"काहीच नाही."

"आता?"

"पुन्हा वायपर."

बाबांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "म्हणजे वायपर चांगला हाय."

पाच वर्षं जो वायपर स्वतःच्या बटणावर हलला नव्हता, तो त्या दिवशी ब्रेकवर हलत होता. एवढीच काय ती प्रगती.

सकाळचे साडेसात वाजले होते. ऑगस्ट असून दोन दिवस पाऊस नव्हता आणि ऊन आत्ताच अंगाला टोचत होतं. साकोलीच्या अलीकडे एक नाला लागतो, तिथं रस्ता खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. आमची डिझेल पिकअप बरोबर त्या खोलगटात बसली होती. मागे हौद्यात हजार लिटरची काळी टाकी होती, आणि टाकीत रोहू-कतल्याची बारा हजार बोटुकली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. टाकीच्या काठावर वनमालाबाई बसल्या होत्या, बोरटोल्याच्या महिला मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षा. हातातल्या गंजानं, म्हणजे पातेल्यानं, त्या टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत टाकीत सोडत होत्या. उचलायचं आणि सोडायचं. पाण्यात हवा मिसळायची ही जुनी पद्धत. नवी पद्धत म्हणजे मी हौद्यात बसवलेला हवेचा पंप. तो बंद पडला होता.

बोरटोल्याचा तलाव अजून पन्नास किलोमीटर होता. तलावात वर्षातून एकदाच माशांचं बीज पडतं, आणि आम्ही ज्या केंद्रातून ते उचललं तिथली ती शेवटची खेप होती. ही बोटुकली मेली असती तर पुढचं वर्षभर बोरटोल्याच्या तीस घरांनी तलावात जाळं टाकून पाणी बाहेर काढलं असतं.

हे भाडं मी आणलं होतं. बाबा गाडीतून सगळं न्यायचे. छपराचे कवेलू, विटा, मंडपाचे बांबू, बकऱ्या, एकदा तर अख्खी पानटपरी पानवाल्यासकट नेली होती. मासे मात्र नेत नसत. मला वाटायचं वासामुळे. मी नुकताच आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन आलो होतो, घरात प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं होतं, आणि मला हाताला काम हवं होतं. बाबांनी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा वनमालाबाई स्वतः घरी आल्या, चहा प्यायल्या, आणि बाबांकडे न बघता म्हणाल्या की गाडी पाहिजे. बाबा लगेच हो म्हणाले. मीही सोबत येईन, बाई म्हणाल्या. बाबा त्यालाही हो म्हणाले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण मी पंपाची जागा मोजत होतो.

जुन्या डिझेल इंजिनाचं एक बरं असतं. एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज नसते. दिवे जावोत, हॉर्न जावो, ते धडधडत रायपूरपर्यंत जाईल. पण पंप बंद पडल्याचं वनमालाबाईंनी टपावर थाप मारून सांगितलं, आणि बाबांनी दोरी ओढून इंजिन बंद केलं. काही बिघडलं की बाबा आधी इंजिन बंद करतात आणि मग विचार करतात. नंतर स्टार्टर मारला तर तो फक्त टक् म्हणाला. धक्का मारावा तर मागे टनभर पाणी आणि पुढे चढ. ट्रॅक्टर सगळे धानाच्या रोवणीच्या चिखलात. दोन ट्रॅक्टरवाल्यांना मी बांधावरून हाका मारल्या. दोघांनीही हात हलवून मला शुभेच्छा दिल्या.

मी बोनेट उघडलं.

उजव्या कोपऱ्यात, बॅटरीच्या खालच्या अंगाला, मारोती होता. नारळाच्या अर्ध्या वाटीएवढा, शेंदरी, तेलकट, दुकानात मिळतात तसे चांदीचे दोन डोळे लावलेला. लोकांचे देव डॅशबोर्डवर असतात, आमचा बोनेटमध्ये होता. दर अमावस्येला बाबा त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावायचे. मी दहा वर्षांचा असल्यापासून बघत होतो. इंजिनाजवळ बसणारा देव जास्त कामाचा असणार असं मला वाटायचं. मी नेहमीप्रमाणे त्याला हात जोडले आणि कामाला लागलो.

फ्यूज पाहिले, सगळे धड होते. तरी बदलले. बॅटरीच्या दोन टोकांना थेट बल्ब लावला, तो लख्ख पेटला, म्हणजे बॅटरी चांगली. पंपाची वायर सोडून पुन्हा जोडली. स्विच उघडला, त्यातून एक स्प्रिंग उडाली आणि नाल्यात गेली. ती शोधण्यात दहा मिनिटं गेली. सापडली. बसवली. काही फरक पडला नाही. आयटीआयमध्ये आम्हाला घराचं वायरिंग शिकवलं होतं. घर एका जागी उभं असतं आणि ब्रेक दाबल्यावर त्याचा पंखा फिरत नाही.

"प्रमाणपत्र आणलं का सोबत?" बाबांनी विचारलं. त्यांना खरंच वाटत होतं की त्याचा उपयोग होईल.

वरून वनमालाबाई म्हणाल्या की मासे वर येऊन तोंड उघडून राहिले. मी चढून पाहिलं. बारा हजार गोल तोंडं पाण्याच्या वर येऊन एकाच वेळी काहीतरी म्हणत होती. मी त्यांना समजावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून खाली उतरलो.

मग बाबांनी फोन करून बोलावलेला झनकलाल साकोलीहून आला. तो त्या पट्ट्यातला नावाजलेला वायरिंगवाला. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना वायरची भेंडोळी, तोंडात तंबाखूचा खर्रा. त्यानं बोनेटमध्ये डोकावलं, मारोती पाहिला, मागे सरकला, चपला काढल्या, हात जोडले आणि मग टेस्टर काढला. त्यानं रिले बदलला. जुनाच परत बसवला. अल्टरनेटरला कान लावला, जसा काही तो आतून बोलणार होता. मी त्याला वायपरचं सांगितलं, तर त्यानं बाबांना ब्रेक दाबायला लावून ते पाच वेळा पाहिलं आणि सहाव्यांदा मोबाईलमध्ये शूटिंग घेतलं. शेवटी तो म्हणाला की अल्टरनेटर गेला, दुसरा आणावा लागेल. मी म्हणालो, गाडी बंद असताना अल्टरनेटरचा काय संबंध? त्यानं माझं शिक्षण विचारलं. मी सांगितलं. तो हसला नाही, पण खर्रा थुंकला. तेवढ्यात त्याला फोन आला, कोणाच्या तरी शेतातली मोटर जळली होती. बारापर्यंत येतो म्हणाला, चपला घातल्या आणि भेंडोळ्यांसकट गेला.

नऊ वाजत आले होते. वनमालाबाईंचा गंज आता हळू चालत होता. मी मदतीला चढलो, तर त्या म्हणाल्या, "तू तिकडं पाह्य, लोकेश. इथं मी हाव." त्यांचा पदर पूर्ण भिजला होता. पहिली पाच-सहा बोटुकली पोट वर करून तरंगत होती. बाईंनी ती ओंजळीत घेऊन बाहेर टाकली आणि पुन्हा गंज उचलला. बाबा रस्त्याच्या कडेला गाडीकडे पाठ करून उभे होते. अर्ध्या तासात त्यांनी एकदाही मागे वळून टाकीकडे पाहिलं नव्हतं. मला त्याचा राग आला. मी जॅकची सळई उचलली आणि बोनेटच्या आत आपटली. असं करू नये, पण सगळं करून झालं होतं.

सळईचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर पडलं आणि दुसरं मडगार्डच्या पत्र्याला लागलं. ठिणगी उडाली. मागून गुडगुड आवाज आला.

"चालू झाला," वनमालाबाई म्हणाल्या. सळई घसरून खाली पडली. "बंद झाला."

मी सळई पुन्हा तशीच ठेवली. गुडगुड. उचलली. बंद. ठेवली. गुडगुड. मग मी ती हातानं दाबून धरली आणि हललो नाही. मागे पाण्यातून बुडबुडे येत होते आणि मी दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर एक उपकरण झालो होतो.

गाडीत वीज वायरनं जाते आणि लोखंडी सांगाड्यातून परत येते. जायला वायर, यायला गाडीचं अंग. परत आलेली वीज बॅटरीत शिरायला एकच वाट असते, बॅटरीच्या ऋण टोकापासून सांगाड्यापर्यंत जाणारी एक जाड काळी वायर. ती वाट अर्धवट तुटली की वीज वाट्टेल त्या गल्लीनं परत यायचा प्रयत्न करते, वायपरमधून, दिव्यातून, मिळेल तिथून. मी एका हातानं सळई धरली आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या काळ्या वायरवरून फिरवत खाली नेली. बॅटरीपासून एक वीत खाली. तिथं वायर देवात शिरत होती.

मी पुन्हा चाचपून पाहिलं. वायर मारोतीच्या डाव्या कानाखालून आत जात होती आणि बाहेर येत नव्हती.

"बाबा," मी म्हणालो. "मारोती खरवडावा लागेल."

बाबा आले. सळईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मागच्या गुडगुडीचा आवाज ऐकला.

"पंप चालू हाय ना?"

"मी धरलंय तोवर."

"मंग धर. मी हळू चालवतो."

"पन्नास किलोमीटर?"

"चाळीसच्या वर नेत नाही."

मी त्यांना सांगितलं की बोनेट उघडं ठेवून, मडगार्डवर बसून, दोन तास सळई धरूनही मी तयार आहे, पण गाडी सुरू कशी होणार? पंपाला एवढीशी वीज पुरते, स्टार्टरला त्याच्या पन्नासपट लागते. तेवढी सळईतून ओढली असती तर सळई, गाडी आणि मी कायमचे एकत्र आलो असतो. बाबा म्हणाले, धक्का मारू. मी म्हणालो, कोण मारणार, मी सळई धरलीय. बाबांनी वनमालाबाईंकडे पाहिलं. वनमालाबाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी नजर परत घेतली.

"काकू, तुम्ही सळई धरा, मी खरवडतो," मी म्हणालो.

बाबा माझ्या आणि मारोतीच्या मध्ये येऊन उभे राहिले. साठीचा माणूस, गुडघे दुखणारा, दोन्ही हात पसरून. "मारोतीले कोणी हात लावायचा नाही."

माझा तोल गेला. सळई धरलेला माणूस जितका ओरडू शकतो तितका मी ओरडलो. म्हणालो, हा मारोती नाही बाबा, आत बोल्ट आहे.

"मालूम हाय," बाबा म्हणाले.

"काय मालूम आहे?"

"बोल्ट हाय. सतरा नंबरचा. मीच त्याचा मारोती केला."

पंप गुडगुडत होता. वनमालाबाईंनी गंज टाकीच्या काठावर ठेवला आणि पहिल्यांदाच हात सैल सोडले.

"सांगून टाका आता पोराले," त्या म्हणाल्या.

बाबांनी सांगितलं नाही. बाईंनीच सांगितलं, टाकीवरून, कोणाकडेही न बघता. अकरा वर्षांपूर्वी हाच रस्ता होता, हीच गाडी, आणि बोरटोल्याचंच बीज. तेव्हा पंप नव्हता. गाडी धावली की टाकीतलं पाणी हिंदकळत राहायचं, त्याच हवेवर मासे जगायचे. गाडी धावली पाहिजे एवढीच अट. बाबा रस्त्यात चहाला थांबले, आणि नंतर गाडी सुरूच झाली नाही. मिस्त्री यायला तीन तास लागले. त्यानं बोनेट उघडलं, एका बोल्टाला पाना लावला, दोनदा फिरवला, आणि गाडी सुरू झाली.

"दोन मिनिटांचं काम होतं," बाबा म्हणाले. "दोन मिनिटांचं. मासे पांढरे होऊन वर आले होते. याइचा तलाव सालभर रिकामा राह्यला. याइचा नवरा त्याच साली इटाभट्टीवर गेला."

मी सळईवरचा हात बदलला.

"मिस्त्री म्हणे, गाडीचा जीव याच्यात हाय. मी कसून देल्ला, आता याले कोणाले हात लावू देऊ नको. आता तूच सांग बाबू, गाडी दहा गॅरेजात जाते. बोल्टाले पाना कोणीबी लावते. ढिला करते, कसायचं विसरते. मारोतीले कोण पाना लावते?"

अकरा वर्षांत कोणीही लावला नव्हता. किती मिस्त्री आले, सगळ्यांनी हात जोडले आणि बाजूनं काम केलं. झनकलालनं चपला काढल्या होत्या. मी स्वतः त्या सकाळी आधी नमस्कार केला होता आणि मग फ्यूज पाहिले होते. याहून पक्कं कुलूप मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

"आता त्याच्यानंच बंद पडली ना गाडी," मी म्हणालो. मला हळू म्हणायचं होतं, पण ते तसं निघालं नाही.

बाबा हलले नाहीत. सळई माझ्या घामानं सटकत होती. एकदा सटकली, पंप थांबला, मी पुन्हा दाबली.

वनमालाबाई टाकीवरून उतरल्या. ओल्या पायांनी पुढे आल्या आणि बाबांच्या समोर उभ्या राहिल्या.

"डोमाभाऊ. त्या दिवशी मासे मेले, तवा मी तुम्हाले काही बोलली?"

"नाही."

"नवरा भट्टीवर गेला, तवा बोलली?"

"नाही."

"आज बोलीन."

बाबांनी हात खाली घेतले. मग वाकून मारोतीचे चांदीचे डोळे नखानं एकेक करून काढले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. माझ्या डब्यातला चमचा मागितला. वनमालाबाईंनी तो काढून दिला, आणि बाबांनी खरवडायला सुरुवात केली.

शेंदूर पापुद्र्यांनी निघत होता. वरचा केशरी, खालचा लाल, त्याखालचा जवळजवळ काळा, आणि प्रत्येक थरात तेल मुरलेलं. बाबा पडलेला चुरा दुसऱ्या हातात गोळा करत होते, जमिनीवर काही पडू देत नव्हते. मी मनात म्हणत होतो, लवकर, बाबा, लवकर. तोंडानं म्हणालो नाही. शेवटी काळपट लोखंड दिसलं. बाबांनी चमचा ठेवला आणि बोल्ट दोन बोटांत धरला.

तो बोटांनी फिरला.

अकरा वर्षांचे खड्डे त्याला ढिला करत होते, वरून तेल आत झिरपत होतं, आणि पाना कोणी लावला नव्हता. बाबांनी तो पुन्हा एकदा फिरवून पाहिला. इकडे, मग तिकडे. मग तसेच वाकून उभे राहिले. मी त्यांच्या मानेकडे पाहत होतो. 

"पाना," ते म्हणाले.

वनमालाबाईंनी पेटीतून सतरा नंबरचा पाना शोधून दिला. बाबांनी बोल्ट काढला, वायरचं टोक चिंधीनं पुसलं, रस्त्यावरच्या रेतीनं घासलं, पुन्हा पुसलं, बसवलं आणि कसला. अजून कसला. मी म्हणालो, पुरे, तुटेल. त्यांनी अजून एक आटा दिला.

मी सळई उचलली, तरी पंप चालूच राहिला. बाबांनी किल्ली फिरवली आणि सगळी गाडी एकदम जागी झाली. सकाळपासून तपासताना आम्ही जी जी बटणं दाबली होती, ती तशीच राहिली होती. दिवे पेटले, इंडिकेटर टकटकायला लागले, वायपर पाच वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या बटणावर, कोरड्या काचेवर, जीव तोडून धावला, आणि रेडिओवर एक बाई धानावरच्या तुडतुड्यांबद्दल बोलायला लागली. मागे पंप गुडगुडत होता. बाबांनी स्टार्टर मारला, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. उरलेले पन्नास किलोमीटर फक्त तुडतुड्यांवरची ती बाई बोलत होती. रेडिओ बंद करायला माझं मन होत नव्हतं. आता कुठलंही बटण दाबायची मला भीती वाटत होती.

बोरटोल्याच्या तलावाच्या पाळीवर पंधरा-वीस बाया उभ्या होत्या. गाडी थांबायच्या आत त्या हौद्यात चढल्या. आधी तलावाचं पाणी थोडंथोडं टाकीत मिसळलं, मासे नव्या पाण्याला सरावू दिले, मग गंज भरभरून खाली जायला लागले. तीनेकशे मेले होते. बाकी जिवंत होते. पाण्यात सोडलं की ती बोटुकली क्षणभर एका जागी थबकायची आणि मग एकदम दिसेनाशी व्हायची.

बाबा कॅबिनमधून उतरले नव्हते. इंजिन चालू ठेवून ते समोर रिकाम्या रस्त्याकडे पाहत बसले होते. वनमालाबाई एक भरलेला गंज घेऊन खिडकीशी गेल्या आणि काही न बोलता तो त्यांच्या हातात दिला. माशांनी भरलेला गंज घेऊन स्टीअरिंगवर बसून राहता येत नाही. बाबांनी इंजिन बंद केलं आणि उतरले. चपला घालूनच तलावात गेले, गुडघ्यापर्यंत, आणि तिथं कितीतरी वेळ गंज छातीशी धरून उभे राहिले. एका बाईनं ओरडून विचारलं की काय नावं ठेवून राहिले का त्यायची. सगळ्या हसल्या. बाबांनी गंज तिरपा केला.

परत आले तेव्हा वनमालाबाई पाळीवर पदर पिळत होत्या.

"पुढल्या साली कवा येता, डोमाभाऊ?"

बाबांनी रिकामा गंज त्यांच्याकडे दिला. मग मानेनं माझ्याकडे खूण केली.

"याले विचारा," ते म्हणाले. "आतापासून बोनेट हा पाहील."

वनमालाबाई माझ्याकडे वळल्या आणि वाट पाहत राहिल्या. पुढच्या वर्षी बीज कधी मिळतं, पाऊस कसा असतो, मला काहीही माहीत नव्हतं. मी दोन ऑगस्ट म्हणालो.